चार दिवस कमी पडले: गरोदरपणातला सिफिलिस आणि वेळेआधीची प्रसूती

पार्श्वभूमी

ही बाई २३ वर्षांची, पहिलटकरीण. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या बैठ्या चाळीत नवरा आणि सासूबाईंसोबत राहणारी. माहेर सातारा जिल्ह्यातलं. नवरा वाशीच्या मार्केटमधून नाशिक आणि पुण्याच्या फेऱ्या करणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर, आठवड्यातल्या तीन-चार रात्री बाहेर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दहाव्या आठवड्यात पालिकेच्या प्रसूतिगृहात तिचं नाव नोंदवलं गेलं. त्याच दिवशी बोटातून रक्त घेऊन एचआयव्ही आणि सिफिलिस या शरीरसंबंधांतून लागणाऱ्या दोन संसर्गांची जोडचाचणी झाली. दोन्ही नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची खूण नाही. कार्डावर तसा शिक्का बसला आणि पुढचे पाच महिने तो शिक्का पाहून प्रत्येकाने पान उलटलं. इथे कुणाला दोष द्यायचा हेतू नाही, कारण चाचणी खरी होती आणि त्या दिवशीचं उत्तरही खरं होतं. पण ते उत्तर फक्त त्या दिवसापुरतं होतं.

बाविसाव्या आठवड्यात तिच्या तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग आले. खाज नाही, दुखणं नाही, अधूनमधून बारीक ताप. जवळच्या दवाखान्यात ॲलर्जी समजून सेट्रिझिन आणि कॅलामाइन दिलं गेलं. तीन आठवड्यांत डाग गेले. औषधाने गुण आला असंच सगळ्यांना वाटलं. सिफिलिसच्या दुसऱ्या अवस्थेतलं पुरळ उपचार न करताही आपोआप जातं. संसर्ग मात्र शरीरात तसाच राहतो, आणि नेमक्या याच काळात रक्तात जंतू सर्वांत जास्त असल्याने वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोहोचण्याचा धोकाही सर्वांत मोठा असतो.

अडचण कशी समोर आली

३० आठवडे २ दिवस झाले असताना, एका मंगळवारी, ती प्रसूतिगृहात आली. तक्रार अशी: दिवसातून पाच-सहा वेळा पोट दगडासारखं घट्ट होतं, कंबर भरून येते. तपासणीत गर्भाशयाचं तोंड बंद होतं. पोटाची उंची मात्र आठवड्यांच्या मानाने जास्त, म्हणून त्याच दिवशी सोनोग्राफी झाली.

सोनोग्राफीत वारेची जाडी ५२ मिलिमीटर होती. ४० च्या पुढे गेली की कारण शोधायला लागायचं, असा साधा हिशेब आहे. गर्भजल निर्देशांक २६, म्हणजे पाणी जास्त. बाळाचं यकृत वाढलेलं. पोटात पाणी किंवा अंगावर सूज नाही, आणि मेंदूच्या रक्तवाहिनीच्या डॉपलरवरून बाळाला गंभीर रक्तक्षय असल्याचं दिसत नव्हतं.

जाड वार आणि जास्त पाणी दिसलं की पहिला विचार मधुमेहाचा येतो, दुसरा रक्तगट न जुळण्याचा. तिची ग्लुकोज चाचणी नॉर्मल होती, रक्तगट ओ पॉझिटिव्ह, प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह. उरले संसर्ग. डॉक्टरांनी डागांबद्दल विचारलं, तिने तळहात पुढे करून दाखवलं: इथे आले होते. त्या एका उत्तरावर सिफिलिसची चाचणी पुन्हा करायचं ठरलं.

वेळेआधी कळा येण्याचा या आजाराशी संबंध काय, हे थोडं उलगडून सांगायला हवं. ट्रेपोनेमा पॅलिडम हा मळसूत्रासारखा जंतू वारेत शिरला की तिथे दाह होतो. वारेचे अंकुर सुजतात, त्यांतल्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि वार जाड, फिकट होऊन नीट काम करेनाशी होते. दाहातून तयार होणारी रसायनं गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात. वाढलेलं पाणी गर्भाशय ताणतं ते वेगळंच. उपचार झाला नाही तर अशा गरोदरपणांपैकी निम्म्याहून जास्त वेळा काही ना काही वाईट घडतं: मूल पोटातच जातं, वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मतं, जन्मजात सिफिलिस घेऊन येतं किंवा जन्मल्यावर दगावतं.

रिपोर्टचा गोंधळ

गुरुवारी संध्याकाळी (३० आठवडे ४ दिवस) दोन कागद हातात आले आणि ते एकमेकांशी जुळेनात. झटपट चाचणी रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची खूण आहे; व्हीडीआरएल, म्हणजे प्रतिपिंडं असली की गुठळ्या दाखवणारी सिफिलिसची लॅबमधली चाचणी, नॉन-रिॲक्टिव्ह.

या जोडीचे अर्थ अनेक निघतात. पूर्वी होऊन उपचार झालेला सिफिलिस असू शकतो, अगदी नुकता लागलेला असू शकतो, किंवा झटपट चाचणी चुकलेली असू शकते. चौथी शक्यता बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रक्तात प्रतिपिंडं प्रमाणाबाहेर असली तर न पातळ केलेल्या नमुन्यात गुठळ्या तयारच होत नाहीत आणि चाचणी खोटी निगेटिव्ह दिसते. याला प्रोझोन म्हणतात. दुसऱ्या अवस्थेच्या आसपास आणि गरोदरपणात तो विशेष लक्षात ठेवावा लागतो.

डॉक्टरांनी लॅबला फोन केला आणि तोच नमुना पातळ करून पुन्हा लावायला सांगितलं. तंत्रज्ञाने तो दुपटीदुपटीने पातळ करत नेला. १:४ पासून गुठळ्या स्पष्ट दिसू लागल्या, त्या १:१२८ पर्यंत टिकल्या. मिळालेलं टायटर ते हेच: रक्त १२८ पट पातळ करूनही चाचणी रिॲक्टिव्ह. हा फोन झाला नसता तर नॉन-रिॲक्टिव्हचा दुसरा शिक्का बसला असता.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न: टीपीएचए, म्हणजे सिफिलिसची खात्रीची चाचणी, येईपर्यंत थांबायचं का? त्याला दोन-तीन दिवस लागणार होते. गरोदर बाईची एक चाचणी जरी रिॲक्टिव्ह आली तरी पहिलं इंजेक्शन द्यायचं आणि खात्रीची चाचणी मागाहून करायची, हाच नियम आहे. गरज नसताना एक इंजेक्शन पडलं तर नुकसान नगण्य, आणि गरज असताना राहिलं तर मूल जातं. इथे थांबण्याचं काहीच कारण नव्हतं.

दुसरा प्रश्न औषधाचा. गरोदरपणात बाळासह दोघांवर भरवशाने चालणारं औषध एकच, पेनिसिलिन. १९४३ साली ते सिफिलिसवर पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि आजवर या जंतूने त्याला दाद न दिल्याचं आढळलेलं नाही. अझिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन वारेतून बाळापर्यंत पुरेसं पोहोचत नाहीत, शिवाय अझिथ्रोमायसिनला न जुमानणारे जंतू आता सर्रास सापडतात. एक सापळा आपल्याच कपाटात असतो. राष्ट्रीय कार्यक्रमातलं पांढरं किट, क्रमांक ३, बेंझाथिन पेनिसिलिनचं असतं. पेनिसिलिन न चालणाऱ्यांसाठीच्या निळ्या किटात, क्रमांक ४ मध्ये, डॉक्सिसायक्लिन असतं आणि ते गरोदर बाईला द्यायचं नसतं. गरोदर बाईला पेनिसिलिनची खरीच ॲलर्जी असेल तर तोंडाने अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेऊन, देखरेखीखाली शरीराला ते सहन करायला लावायचं आणि मग पेनिसिलिनच द्यायचं.

तिसरा प्रश्न डोसचा. संसर्ग किती जुना ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस लागतात. इथे दहाव्या आठवड्याचा निगेटिव्ह रिपोर्ट हाताशी होता, म्हणजे संसर्ग वर्षाच्या आतला, आणि त्याला २४ लाख युनिटचा एक डोस पुरेसा मानतात. पण सोनोग्राफीत बाळावर खुणा दिसत होत्या, आणि अशा वेळी एका डोसवर उपचार फसण्याची भीती जास्त असते. म्हणून सात दिवसांनी दुसरा डोस द्यायचं ठरलं. आमच्या मते तो निर्णय योग्य होता.

चौथा प्रश्न जागेचा, आणि चार दिवस इथेच गेले. प्रसूतिगृहात पांढरं किट होतं, सुई होती, देणारी सिस्टर होती. पण पेनिसिलिनची रिॲक्शन आली तर काय, या धास्तीने तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं गेलं. शुक्रवारी तिथल्या गरोदर मातांच्या ओपीडीतून त्वचारोग विभागात, तिथून परत. शनिवारी ओपीडी लवकर संपली. रविवार सुट्टी. सोमवारी, ३१ आठवडे १ दिवस झाले असताना, ती दाखल झाली.

रिॲक्शनची भीती समजण्यासारखी आहे, पण तिचं माप घ्यायला हवं. गरोदर बायांत बेंझाथिनची गंभीर रिॲक्शन लाखात फार तर दोन-तीन. त्यासाठी ट्रेमध्ये १:१००० ॲड्रिनलिन हवं (मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत), ऑक्सिजन हवा, सलाईन हवं आणि इंजेक्शननंतर अर्धा तास बाई नजरेसमोर हवी. दाखल करण्याचं खरं कारण वेगळं होतं: बाळावर खुणा होत्या, पोट आधीच आवळत होतं, आणि इंजेक्शननंतरच्या पहिल्या दिवसात कळा सुरू होण्याची शक्यता होती. त्यासाठी रुग्णालयाची चिठ्ठी योग्यच होती. पण गुरुवारी रात्री फोन करून खाट पक्की करायची आणि तिला थेट प्रसूती विभागात पाठवायचं, तर ते ओपीडीच्या रांगेवर सोडलं गेलं.

पहिलं इंजेक्शन आणि त्यानंतरची रात्र

बेंझाथिन देणं हातखंड्याचं काम आहे. पांढऱ्या पावडरीत निर्जंतुक पाणी घालून व्हायल जोरात हलवली की पातळ चुन्यासारखं दाट द्रावण होतं. ते सिरिंजमध्ये घेऊन ठेवलं की खाली बसतं आणि २१ नंबरची सुई तुंबते. म्हणून बाई पालथी झोपलेली, जागा पुसून तयार, आणि मगच द्रावण भरायचं. अर्धं एका कुल्ल्यात, अर्धं दुसऱ्यात, वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात खोल. सुई टोचल्यावर मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं, कारण हे औषध शिरेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. मग न थांबता, एकाच गतीने दाबायचं. तिच्या डाव्या बाजूला सुई तुंबलीच. सिस्टरने जोर केला नाही, सुई बाहेर काढून नवी लावली आणि उरलेलं सगळं दिलं. दाबता येत नाही म्हणून पाव भाग सिरिंजमध्येच टाकून दिला तर तो डोस पूर्ण धरता येत नाही.

इंजेक्शन सकाळी ११ वाजता झालं. पाच वाजता तिला हुडहुडी भरली, ताप १०२, डोकं आणि अंग दुखू लागलं. बाळाचे ठोके १७२ वर गेले आणि दहा मिनिटांत तीन कळा येऊ लागल्या. ही ॲलर्जी नव्हती. एकदम मेलेल्या जंतूंचे अवशेष रक्तात आले की शरीर असं उसळतं, त्याला यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. ती साधारण दोन ते आठ तासांत सुरू होते आणि चोवीस तासांत ओसरते. हे आधी सांगितलं नसेल तर घरचे म्हणतात सुईनेच झालं, आणि दुसऱ्या डोसला बाई येत नाही. तिला आणि सासूबाईंना सकाळीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घबराट झाली नाही.

पॅरासिटामॉल, सलाईन, डाव्या कुशीवर झोपवणं, बाळाचे ठोके आणि कळा टिपणारं सीटीजी यंत्र चालू. कळा थांबवायला निफेडिपिन २० मिलिग्रॅम तोंडाने. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, एकूण चार डोस. मॅग्नेशियम सल्फेट भरून ठेवलं होतं, कारण ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होणारच असं दिसलं तर बाळाच्या मेंदूसाठी ते द्यायचं. लागलं नाही. मंगळवारी सकाळपर्यंत ताप उतरला, कळा थांबल्या.

नवरा, सासर आणि माहेर

समुपदेशकाने नवऱ्याला वेगळं बसवलं. चार-पाच महिन्यांपूर्वी लघवीच्या जागेवर एक न दुखणारी जखम झाली होती, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्यांनी ती बरी झाली, असं तो म्हणाला. ती गोळ्यांशिवायही भरून आलीच असती. त्याचं टायटर १:३२ निघालं आणि त्याला त्याच दिवशी २४ लाख युनिटचा डोस मिळाला. जोडीदाराचा रिपोर्ट निगेटिव्ह असता तरी हा डोस द्यायचाच असतो, नाहीतर तो बायकोला पुन्हा संसर्ग देऊ शकतो. उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायचे आणि त्यानंतर निरोध वापरायचा, हे दोघांना समोरासमोर सांगितलं.

"घरी काय सांगू?" हा त्याचा एकच प्रश्न होता. कुणी कुणाला दिलं याचा निवाडा करणं रुग्णालयाचं काम नाही. दोघांच्या रक्तात एक संसर्ग सापडला आहे, तो बाळापर्यंत जाऊ नये म्हणून दोघांना इंजेक्शन लागतं, एवढं वाक्य दोघांनाही खरं आणि पुरेसं होतं. सासूबाईंना याहून जास्त सांगितलं गेलं नाही. कार्डावर आजाराचं नाव ठळक लाल अक्षरांत लिहिलं नाही. चाळीत कार्ड दहा हातांतून जातं, आणि या आजाराचा "गरमी" हा बोलीतला शब्द एकदा उच्चारला गेला की पुढच्या तपासणीला बाई येत नाही.

त्यातच त्याच आठवड्यात ओटी भरून तिला माहेरी न्यायचं ठरलं होतं. दुसरा डोस पुढच्या सोमवारी. गरोदर बाईत दोन डोसांमध्ये नऊ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर सगळा कोर्स पहिल्यापासून करावा लागतो. रीतीला विरोध केला असता तर घरचे दुखावले असते, म्हणून परिचारिकेने सासूबाईंनाच विचारलं, "आजी, विहीणबाईंनाच इकडे बोलवता येईल का?" आई साताऱ्याहून आली, ओटी चाळीतच भरली. दुसरा डोस ३२ आठवडे १ दिवसाला, ठरल्या दिवशी झाला.

प्रसूती आणि बाळ

तेहतिसाव्या आठवड्यानंतरच्या सोनोग्राफीत बाळाचं यकृत जवळपास नॉर्मल, पाण्याचा निर्देशांक २१. बाळ सुधारत होतं. वार मात्र जाडच होती. पेनिसिलिन जंतू मारतं, झालेला दाह ओसरायला आठवडे लागतात. ३४ आठवडे ५ दिवसांच्या रात्री पाणी गेलं. या टप्प्यावर कळा थांबवण्यात अर्थ नव्हता. प्रतिजैविक सुरू केलं आणि ३४ आठवडे ६ दिवसांना नॉर्मल प्रसूती झाली. मुलगी, १,९८० ग्रॅम, लगेच रडली. वार फिकट, फुगीर आणि ६४० ग्रॅमची, इतक्या वजनाच्या बाळाच्या मानाने खूप जड.

आता तीस दिवसांचा हिशेब. आईला पेनिसिलिन प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू झालेलं असेल, तरच बाळाला पोटात पुरेसा उपचार मिळाला असं मानतात. इथे २६ दिवस झाले होते. बाळाची तपासणी नॉर्मल, हाडांचा एक्स-रे, प्लेटलेट आणि पाठीतलं पाणी वयाच्या मानाने ठीक. बाळाचं टायटर १:१६, आईचं १:६४. बाळाचं आईच्या चौपट असतं तर संसर्ग जवळपास पक्का धरला असता. हे रक्त बाळाच्या शिरेतूनच घ्यावं लागतं, कारण नाळेच्या रक्तात आईचं रक्त मिसळून रिपोर्ट फसवतो.

तीस दिवस भरले असते तर एवढ्या चांगल्या तपासण्यांवर मांडीतलं एकच बेंझाथिन पुरलं असतं. ते भरले नव्हते, म्हणून दहा दिवस शिरेतून क्रिस्टलाइन पेनिसिलिन. किलोला ५०,००० युनिट, म्हणजे या बाळाला दर वेळी सुमारे १ लाख युनिट: पहिले सात दिवस दर बारा तासांनी, नंतरचे तीन दिवस दर आठ तासांनी. १० लाखांची व्हायल १० मिलिलिटर केली की १ मिलिलिटरमध्ये १ लाख, म्हणजे मोजायला सोपं. एकूण २३ डोस. एका दिवसापेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे सुट्टीच्या दिवसाच्या डोसांवर वेगळी खूण केली होती. सलाईनची जागा तीनदा बदलावी लागली. आईचं दूध पहिल्या दिवसापासून वाटी-चमच्याने सुरू होतं. स्तनावर जखम नसेल तर या आजारात दूध बंद करायचं नसतं. चौथ्या दिवसापासून ती मुलीला छातीशी बांधून बसू लागली.

पुढे काय झालं

प्रसूतीच्या वेळी आईचं टायटर १:१२८ वरून १:६४ वरच आलं होतं आणि उपचार फसल्याची शंका घेतली गेली. ती घाई होती. उपचारानंतर आठ आठवड्यांच्या आत टायटर पाहून असा निष्कर्ष काढू नये. खरी पायरी चौपट घट, म्हणजे १:३२ किंवा खाली. तीन महिन्यांनी तिचं १:१६ होतं, सहा महिन्यांनी १:८, सगळं एकाच लॅबमधून. मुलीचं तीन महिन्यांनी १:२ आणि सहा महिन्यांनी नॉन-रिॲक्टिव्ह. वजन वाढतं आहे, ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी ठीक. आईकडून आलेली प्रतिपिंडं पूर्ण जाण्याच्या सुमारास, अठरा महिन्यांनी, टीपीएचए करायची आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

गुरुवारी संध्याकाळी कपाटात असलेलं किट त्याच संध्याकाळी वापरलं असतं, किंवा खाट पक्की करून त्याच रात्री तिला पाठवलं असतं, तर ३४ आठवडे ६ दिवसांना बरोबर तीस दिवस भरले असते. एवढ्या लहान जिवाच्या शिरेत २३ वेळा औषध सोडण्याची वेळ बहुधा आली नसती. प्रसूती लवकर झालीच असती का, हे सांगता येत नाही. पण वेळेआधी जन्मणारं बाळ हे तीस दिवस आपणच कमी करत असतं, हे ३१ व्या आठवड्यात कळा असलेल्या बाईसमोर बसलेल्या प्रत्येकाने मोजायला हवं.

त्याआधीची संधी बाविसाव्या आठवड्यात गेली. गरोदर बाईच्या तळहातावर खाज नसलेले डाग दिसले तर सिफिलिसची चाचणी त्याच दिवशी व्हायला हवी, आधीचा शिक्का काहीही सांगो. आणि डाग आले नसते तरी अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यात दुसरी चाचणी ठेवायला हवी होती, निदान नवरा कामासाठी सतत बाहेर असलेल्या घरात. पहिल्या नोंदणीलाच नवऱ्याचीही चाचणी झाली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

या प्रकरणानंतर त्या प्रसूतिगृहात दोन गोष्टी बदलल्या. इंजेक्शनच्या खोलीतल्या ट्रेवर ॲड्रिनलिनची मुदत संपण्याची तारीख आणि डोस मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे. आणि माहेरी जाणाऱ्या प्रत्येक रिॲक्टिव्ह बाईला एका पाकिटात चार ओळींचा कागद मिळतो: टायटर आणि लॅबची तारीख, दिलेले डोस आणि त्यांच्या तारखा, जोडीदाराला डोस कधी दिला, आणि बाळाला तीस दिवसांचा उपचार कोणत्या तारखेला पूर्ण होतो.